रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांभोवती पाथर्डी, बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. समजा, अशाच एका कोपीत दहा-बारा वर्षांचा मुलगा रात्री बेंबीभोवती दुखतं म्हणून कण्हू लागला. जेवण नको म्हणाला, एक-दोन उलट्या झाल्या. कुणी म्हणालं बेंबी सरकली, कुणी पोट चोळलं, कुणी एरंडेल पाजलं. पहाटे दुखणं उजवीकडे खाली उतरलं. सकाळी दवाखान्यात रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी नॉर्मल! आईवडिलांचा जीव भांड्यात पडला आणि ते मुलाला घेऊन परत निघाले.

चूक होते ती इथेच.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीसारखी एक नळी लोंबते. तिला आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स म्हणतात. तिचं तोंड बंद झालं की आत दाब वाढतो, जंतू माजतात, रक्तपुरवठा थांबतो आणि शेवटी ती फुटू शकते. पहिल्या दीड-दोन दिवसांनंतर हा धोका वाढत जातो. पू पोटात पसरला तर जिवावर बेततं. म्हणून या आजारात तासांचा हिशेब महत्त्वाचा.

मग रक्त काय सांगतं? शरीरात कुठेही जंतूंशी लढाई सुरू झाली की पांढऱ्या पेशींची कुमक वाढते. मोठ्या माणसात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. अपेंडिक्सला सूज आली की बहुतेकांत हा आकडा वर जातो आणि त्यातल्या न्यूट्रोफिल पेशींचं प्रमाणही वाढतं. पण बहुतेकांत, सगळ्यांत नव्हे!

दुसरी तपासणी सीआरपीची. हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं. सूज आली की यकृत ते तयार करतं. मात्र ते वाढायला सहा ते बारा तास लागतात. रात्री दुखू लागलं आणि पहाटेच रक्त काढलं, तर सीआरपी नॉर्मल येऊ शकतं. तोच रिपोर्ट संध्याकाळी वेगळा येईल. म्हणून रक्त कधी काढलं, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. दुखणं सुरू होऊन दिवस उलटला आणि दोन्ही तपासण्या नॉर्मल असल्या, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते. कमी होते, संपत नाही.

तिसरा इशारा बिलिरुबिनचा. कावीळ नसताना हा आकडा वाढलेला दिसला, तर अपेंडिक्स सडलं किंवा फुटलं असावं, अशी शंका डॉक्टर घेतात. जंतूंचं विष रक्तातून यकृतात पोहोचतं आणि पित्त बाहेर टाकण्याच्या कामात अडथळा आणतं.

अल्फ्रेडो अल्वाराडो या डॉक्टरांनी १९८६ साली दहा गुणांची एक पद्धत मांडली. ती आजही वापरतात. दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकणं, भूक मरणं, मळमळ, ताप, पोट दाबून सोडताना कळ येणं, यांना प्रत्येकी एक गुण. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं तर दोन. रक्ताच्या वाट्याला उरतात फक्त तीन! बाकी सात गुण तुमच्या सांगण्यावर, तापमापीवर आणि डॉक्टरांच्या हातावर अवलंबून असतात. सात किंवा जास्त गुण झाले तर अपेंडिक्सची दाट शक्यता. पाच-सहा झाले तर रोग्याला नजरेखाली ठेवून पुन्हा तपासायचं.

उलट बाजूही लक्षात घ्या. पेशी वाढल्या म्हणजे अपेंडिक्सच, असंही नाही. न्यूमोनियात, लघवीच्या संसर्गातही त्या वाढतात. गरोदरपणात तर त्या मुळातच जास्त असतात. म्हाताऱ्या माणसांत मात्र आजार गंभीर असूनही आकडा फारसा हलत नाही. म्हणून गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात.

आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकाहून नगरचं जिल्हा रुग्णालय गाठायचं, लोणीचं प्रवरा रुग्णालय गाठायचं, म्हणजे वेळ जाणारच. रक्ताची साधी तपासणी मात्र तालुक्याच्या गावी होते, खर्चही थोडा. तिचा खरा उपयोग कुणाला तातडीनं पुढे पाठवायचं, हे ठरवण्यासाठी. घरी परतण्याचा परवाना म्हणून तिच्याकडे पाहू नका.

तेव्हा एवढं करा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. जुलाबाचं औषध, एरंडेल देऊ नका. पोट चोळू नका. इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून आजार गेला असं समजू नका. रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांना विचारा, ‘पुन्हा कधी दाखवायला येऊ?’ आणि सांगितलेल्या वेळी जा; दुखणं वाढलं तर त्याआधीच निघा. एकदम कळ थांबून ताप चढला, पोट फुगून कडक झालं, तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका विनामूल्य आहे.

रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पण पोट दुखत असेल, तर कागदापेक्षा पोटाचं ऐका.