गुणांकनाच्या स्पर्धेत पहिले पाऊल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



बुद्धिबळाविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. मी काही नावाजलेली खेळाडू नव्हे. वयाच्या ५२ व्या वर्षी पहिली गुणांकन स्पर्धा खेळले, एवढाच माझा अधिकार. परंतु आपल्या सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. आणि पंढरीत राहून आपण बायकांनी नुसते कळसाचे दर्शन घेऊन परतावे, हे काही बरे नव्हे.

आपल्यापैकी पुष्कळ जणींना हा खेळ येतो. घोडा अडीच घरे कसा जातो, हे मुलांना आपणच शिकवले. पुढे मुले स्पर्धेला जातात आणि आपण बाहेर डबा सांभाळत बसतो. त्या दारातून आत जायला आपल्यालाही मज्जाव नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

गुणांकन, म्हणजे मुले ज्याला रेटिंग म्हणतात, ती हुशारीची पदवी नव्हे. तो वाण्याच्या वहीसारखा चालू हिशेब आहे. प्राध्यापक आर्पाद एलो यांनी तो बसवला आणि १९७० साली फिडे या जागतिक संघटनेने स्वीकारला. दोघींचे गुणांकन सारखे असेल, तर नव्या खेळाडूला विजयाने २० गुण मिळतात आणि हारीने २० जातात. समोरची २०० गुणांनी वरचढ असेल, तर विजयाचे सुमारे ३० मिळतात. हारीने जातात ते सुमारे १०. तेव्हा वरचढाला भिण्याचे कारण नाही.

पहिले गुणांकन मिळण्यासाठी गुणांकन असलेल्या खेळाडूंशी निदान ५ डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असे नाही. २६ महिन्यांच्या आत जमले तरी चालतात. हिशेब १४०० च्या खाली आला तर नाव यादीत लागत नाही, पुन्हा खेळावे. पहिल्याच स्पर्धेत पदरी शून्य पडले, तर तो निकाल धरीतच नाहीत! नव्या सुनेला इतकी सवलत कोणत्या घरात मिळते, सांगा बरे?

आधी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नाव नोंदवून फिडेचा क्रमांक घ्यावा. स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीची असते. हरले म्हणून कोणी बाद होत नाही. पुढच्या फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण झालेला प्रतिस्पर्धी मिळतो.

नियम मात्र घरच्यापेक्षा कडक. आपल्या चालीच्या वेळी ज्या मोहऱ्याला हात लावला तोच खेळावा लागतो. तो नुसता नीट ठेवायचा असेल, तर आधी तसे बोलावे. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबावे. प्रत्येक चाल कागदावर लिहावी; ही सवय घरीच आठवडाभर करावी. नियमबाह्य चाल झाली तर समोरच्याला २ मिनिटे जादा मिळतात. दुसऱ्यांदा झाली की डाव जातो. मोबाइल बंद करून बाहेर ठेवावा. भाजी कोणती करू, असे विचारायला घरून फोन आला आणि आत घंटा वाजली, तर डाव हातचा जाऊ शकतो. शंका आली तर घड्याळ थांबवून पंचांना बोलवावे. त्यात लाज कसली?

माझ्या पहिल्या फेरीत समोर नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याने मला तासाभरात मात दिली आणि वर, ‘आजी, छान खेळलात,’ म्हणाला. घरी आल्यावर शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “हरायलाच जायचे तर एवढे पैसे भरून कशाला?” मी त्यांना तो चालींचा कागद दाखवला. त्यावर माझे नाव होते. अमक्याची आई नाही, तमक्यांची सौभाग्यवती नाही; माझे स्वतःचे. हार झाली ती माझी, आणि चौथ्या फेरीत वजीर न देता अर्धा गुण राखला, तोही माझाच.

आपल्या आधी वाट पाडणाऱ्या बायका होऊन गेल्या आहेत. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गहजब झाला! अखेर स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर हा किताबही मिळवला.

आपल्याला कोणी विश्वचषक मागत नाही. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता सभागृहात मी पट मांडून बसेन. घड्याळ मी आणते, वही-पेन्सिल तुम्ही आणा. चौघीजणी तयार झाल्या की पुढच्या स्पर्धेचे अर्ज एकत्रच भरू. चौघी मिळून गेलो म्हणजे हरल्याचे दुःख चौघींत वाटले जाते, आणि जिंकलो तर पेढेही चौघींना पुरवावे लागतात, एवढेच.