संगणकाचा वैद्य
(भाषणाचा मजकूर)

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पीककर्जासाठी तो घ्यावयास शेतकरी सेवा केंद्रात येतो आणि नेमका संगणक बंद पडतो. मग तालुक्याहून तंत्रज्ञाला बोलावणे जाते. तो प्रथम वायरी चाचपतो. पुष्कळदा प्लगच सैल निघतो! कधी यूपीएसची बॅटरी निकामी झालेली असते, कधी उंदरांनी केबल कुरतडलेली असते. हार्ड डिस्क बिघडली असल्यास मात्र तो विचारतो, “कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवली आहे काय?” येथे बहुधा सारेच गप्प होतात. सातबारा मध्यवर्ती सर्व्हरवर सुरक्षित असतो. केंद्राच्या स्वतःच्या नोंदी तशा नसतात. यंत्र सुरू होईतो शेतकऱ्याची दुपारची एसटी निघून गेलेली असते.