स्मार्टफोनास स्मृती किती असावी?



स्मार्टफोन ही आता चैन उरलेली नाही. आपल्या तळेगाव ढमढेरेचा शेतकरी २०२१ पासून पीकपाहणीसुद्धा त्यावरच नोंदवितो. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतिचिपांचे भाव भडकले. सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या कारखानदारांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणककेंद्रांकडे माल वळविला. त्याची झळ आपल्या खिशास लागत आहे.

स्मृती दोन प्रकारची, हे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. रॅम हा स्वयंपाकाचा ओटा, तर स्टोरेज हे कोठीघर. ‘फोन भरला’ ही तक्रार बहुधा कोठीची असते. सुप्रभाताची चित्रे व लग्नांच्या चित्रफिती काढल्या, की ती मिटते!

मी स्वतः गतवर्षी फसलो. खोक्यावरील ‘१६ जीबी’ पाहून पैसे मोजले; त्यांतील ८ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले, म्हणून संथ, हे चिरंजीवांनी घरी दाखविले.

बँकव्यवहार, सातबारा व मुलांचा अभ्यास यांस ६ जीबी रॅम व १२८ जीबी स्टोरेज माझ्या मते पुरेसे आहे. १२ जीबीचा हट्ट खेळ खेळणाऱ्यांनी धरावा. मात्र ४ जीबीवर फार काटकसर करू नये. रॅम मागाहून वाढविता येत नाही, स्टोरेज मात्र कार्डाची सोय असल्यास वाढते. हप्त्याने घेणाऱ्या भगिनींनी तर आधी जुन्याची बॅटरी बदलून पाहावी. आमच्या घरी सौभाग्यवतींचा जुना फोन तसाच चालला आहे.