पाटीवरचं नाव आणि नावामागची तयारी



महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्यानुसार दारू विकत घेणाऱ्याकडे, जवळ बाळगणाऱ्याकडे आणि पिणाऱ्याकडे परमिट असायला हवं. ते तुमच्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिलंय, हे मी भर सभेत विचारत नाही. पण तीच दारू सुटावी म्हणून त्या माणसासमोर महिनोन्‌महिने बसणाऱ्या समुपदेशकाला मात्र कसलाच परवाना लागत नाही. उद्या कुणी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, दारावर ‘व्यसनमुक्ती समुपदेशक’ अशी पाटी ठोकली, तर ‘हे तू कुठं शिकलास?’ असं विचारणारं कुणी नाही. आज मला एवढ्या एकाच विषयावर बोलायचं आहे.

व्यसनमुक्ती कार्यकर्त्यांचं हे संमेलन मुंबईच्या मढ कोळीवाड्यात का, असं काहींनी विचारलं. मढ म्हटलं की लोकांना शूटिंगचे बंगले आठवतात. मला मात्र इकडची वाट आठवते: मालाड स्टेशनहून येणारी बस मालवणीवरून येते. जून 2015 मध्ये त्या मालवणीत विषारी गावठी दारूनं शंभरावर माणसं गेली. दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलची खोडी अशी की त्याचं विष लगेच दिसत नाही. बारा, कधी चोवीस तास जातात. मग पोटात मुरडा येतो, उलट्या होतात, डोळ्यांपुढं धुकं येतं. घरच्यांना वाटतं, काल जास्त झाली असेल, झोपू दे. अशा वेळी वस्तीत रोज जाणारा कार्यकर्ता ‘दिसत नाही’ हे दोन शब्द ऐकताच रिक्षा बोलावतो की ‘लिंबूपाणी द्या’ म्हणतो, यावर त्या माणसाचं जगणं ठरतं. हे ज्ञान सहृदयतेतून येत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं.

दारू अचानक थांबवल्यावर काय होतं, हेही तसंच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला घरच्यांनी कोंडून ठेवलं, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फेफरं येतं, भिंतीवर किडे दिसू लागतात. त्यात माणूस दगावू शकतो. आपल्यातले काही अजून त्याला नशा थांबल्यावरची नेहमीची ‘टर्की’ म्हणून मोकळे होतात. गर्दची टर्की असह्य असते खरी, पण एरवी धडधाकट माणूस सहसा तिनं मरत नाही. दारूच्या टर्कीनं मरू शकतो. हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती पेशंट देऊ नये, मग त्याचं भाषण कितीही रसाळ असो.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त जवळची आहे. आपल्या व्यवसायाचा पाया एकट्या पदवीधरांनी घातलेला नाही. वांद्र्याला फादर जो परेरांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, ते अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या वाटेवरून. आणि ती वाट पिऊन सावरलेल्यांनीच तयार केलेली. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि 29 ऑगस्ट 1986 ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ. पदव्यांची उतरंड लावून मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं. पण तिथं बरे झालेले पेशंटच पुढं कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. ‘मी पण तुझ्यासारखाच होतो’ या वाक्याला कुठल्याही विद्यापीठात पर्याय नाही.

इथल्या किनाऱ्यावर तर मुळीच नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, हाती काम नाही, खलाशी मोकळे. पुढं नारळी पौर्णिमा झाली की तीच माणसं दिवसचे दिवस समुद्रावर. दर बुधवारी अकरा वाजता फॉलोअपला या, असं होडीच्या तांडेलाला सांगणारा समुपदेशक एम.एस.डब्ल्यू. असेल, पण त्याला भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचता येत नाही. ज्याच्या घरात जाळी विणली जातात त्याला हे सांगावं लागत नाही.

म्हणून परवाना म्हटलं की आपल्यातले जुने लोक दचकतात, आणि ते दचकणं खोटं नाही. परवान्याच्या नावाखाली दहावी नापास पण वीस वर्षं निर्व्यसनी असलेला माणूस बाहेर आणि काल पदवी घेतलेला आत, असं होऊ शकतं.

कायदा काय म्हणतो? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या. त्यामुळं आपली निवासी केंद्रं नोंदणीच्या कक्षेत आली. माणसाला साखळीनं बांधणं गुन्हा ठरला. दाखल व्हायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क, समज असलेल्या प्रौढाला मिळाला. रात्री गाडी नेऊन माणूस ‘उचलून आणणारी’ केंद्रं अजून आहेत, आणि त्यांच्या नोकरीत असलेले काही जण आज या सभागृहातही असतील. त्यांनी हा कायदा संध्याकाळपर्यंत वाचावा. याच कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण, हेही लिहिलंय: मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ता वगैरे. आपण त्यात नाही.

2021 मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात आहारतज्ज्ञापासून स्तनपान सल्लागारापर्यंत व्यवसायांची लांबलचक यादी आहे. एच.आय.व्ही. समुपदेशकाचं नावही आहे. व्यसनमुक्ती समुपदेशक असं नाव नाही. आरोग्य समुपदेशक किंवा मानसिक आरोग्य साहाय्यक या सदरात आपल्याला घुसवता येईल, पण ते पाहुण्यासारखं. एच.आय.व्ही.वाल्यांना खुर्ची का मिळाली? माझं उत्तर असं: त्यांच्याकडं ठरलेला अभ्यासक्रम होता, देशभर सारखं प्रशिक्षण होतं, आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या संस्था त्या कामात उतरल्या होत्या. आपल्याकडं चाळीस वर्षांचे अनुभव आहेत, पण एकाची वही दुसऱ्याच्या वहीशी जुळत नाही.

आणि काम तर अफाट आहे. एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेलं सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात दिसलं. उरलेल्या सदतीस जणांपर्यंत मनोविकारतज्ज्ञ पोचणार नाहीत. तेवढे ते नाहीतच. जायचं आहे ते आपल्याला. त्यामुळं दार अरुंद करून भागणार नाही आणि सताड उघडं ठेवूनही.

अमेरिकेत हा प्रश्न राज्यागणिक वेगवेगळा सुटला. तिथल्या एका प्रचलित प्रमाणपत्रात पदवी नसलेल्यालाही प्रवेश आहे, पण त्याला सुमारे सहा हजार तास देखरेखीखाली काम करावं लागतं. पदवी जितकी वरची, तितके तास कमी. मला यातली पदवीची नाही, तासांची कल्पना आवडते. सहा हजार हा आकडा आपण उचलायचं कारण नाही. आशियात कोलंबो योजना या आंतरराष्ट्रीय संघटनेनं व्यसनोपचार व्यावसायिकांसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षा तयार केल्या आहेत. तिथून घेण्यासारखं बरंच आहे. परीक्षा मात्र मराठीत हवी, आणि तिचा एक भाग तोंडी हवा. ज्याला लिहिता कमी येतं पण पेशंटला ऐकता येतं, त्याला तपासायची दुसरी रीत मला दिसत नाही.

आणखी एक अट मी घालीन, ती अनेकांना आवडणार नाही. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्यानं किमान दोन वर्षं निर्व्यसनी राहिल्याशिवाय समुपदेशकाच्या खुर्चीत बसू नये. सहा महिन्यांत ‘हिरो’ करून व्यासपीठावर उभी केलेली मुलं स्लिप होऊन पुन्हा व्यसनात गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांचं नुकसान आपण केलंय. तोवर त्यांनी बरोबर राहावं, वॉर्डात मदत करावी, शिकावं. सरकारी योजनेत पीअर एज्युकेटरचं पद आहेच. ते कमी दर्जाचं समजायची खोड आपली आहे.

सरकार कायदा कधी करील, ते सरकार जाणे. पंजाबनं 2011 मध्ये केंद्रांसाठी नियम केले, म्हणजे राज्यपातळीवर काही करता येतं. पण देखरेखीची वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. किती तास बसलो, कुणाच्या देखरेखीखाली, कुठली केस डॉक्टरकडं पाठवली आणि किती वेळात, कुठं अडलो: एवढे चार रकाने. पेशंटचं नाव नको, क्रमांक पुरे. पुढं कधी नोंदणी सुरू झाली तर विनापदवी कार्यकर्त्याच्या हातात दाखवायला ही वही असेल. वहीचा नमुना दुपारच्या सत्राआधी सगळ्यांना मिळेल. पाचवा रकाना सुचला तर त्यावरच लिहून द्या. सहावा मात्र मी घेणार नाही, कारण मग वही कुणी भरणार नाही.