काढलेली गर्भपिशवी तपासायला गेली का?



अंगावरून फार जातं, सोनोग्राफीत गाठी दिसतात, म्हणून नायगाव, बिलोली, देगलूरकडच्या कितीतरी बाया नांदेडला येऊन गर्भपिशवी काढून घेतात. टाके सुकले की फाइल पेटीत जाते. त्या फाइलमध्ये पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आहे का, हे कुणी बघत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणून हा विषय घराघरातला आहे.

पिशवीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात. त्यांना फायब्रॉइड म्हणतात. क्वचित मात्र तशाच दिसणाऱ्या गाठीत लायोमायोसार्कोमा, म्हणजे पिशवीच्या स्नायूचा कर्करोग निघतो. गर्भाशयाच्या कर्करोगांत तो शंभरात एखाददुसरा; पण वाढतो झपाट्यानं आणि रक्तावाटे फुप्फुसात जातो. सोनोग्राफीत तो ओळखू येईलच असं नाही. गाठ स्नायूत खोल असली तर क्युरेटिंगमध्येही, म्हणजे पिशवी आतून खरवडून केलेल्या तपासणीतही, निसटते. त्यामुळे निदान पुष्कळदा ऑपरेशननंतरच होतं.

प्रयोगशाळेत साधी गाठ कापली की पांढरी, टणक दिसते, भोवऱ्यासारखी वेटोळी असलेली. सार्कोमा मऊ, मांसल असतो. मध्ये रक्त साकळलेलं, भाग सडलेला. संशयाच्या जागेचे तुकडे मेणात बसवून त्यांचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहतात. पेशींची केंद्रकं बेढब आहेत का? पेशी भराभर विभागताहेत का? गाठीतल्या पेशी पुंजक्यानं मेल्या आहेत का? साधारणपणे यांतल्या दोन गोष्टी ठळक असल्या, की सार्कोमाचं निदान होतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी यंत्रानं गाठीचे बारीक तुकडे करून बाहेर काढतात. दडलेला सार्कोमा त्यामुळे पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये दिला. तुकडे करणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

पिशवी फॉर्मालिनमध्ये घालून तपासणीला पाठवायला सांगा; नुसत्या सलाईनमध्ये ती टिकत नाही. रिपोर्ट मागून घ्या, घरात वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्या, जपून ठेवा. शंका असेल तर मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात त्यांवरून पुन्हा मत घेता येतं. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर एक डागही अंगावर काढू नका.