डिफेन्स : एका शब्दाची किंमत

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात मी ‘इंग्रजी भाषेचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असे चिटणीस साहेबांनी मला कळविले होते. मी ३४ वर्षे इंग्रजी शिकविले. पण महत्त्व सांगणारी भाषणे ऐकून कुणाचे इंग्रजी सुधारल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. म्हणून चार शब्दांऐवजी आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द तुम्ही सर्वांनी ऐकलेला आहे. तो म्हणजे ‘डिफेन्स’.

हाच शब्द का निवडला, ते आधी सांगतो. गोष्ट १९६२ सालची आहे. माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. एका चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. नोव्हेंबर महिना होता आणि सरहद्दीवर चीनशी लढाई चाललेली होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले होते. गल्लोगल्ली ‘नॅशनल डिफेन्स फंडा’साठी वर्गणी गोळा होत होती. वडिलांनी आपली दोन दिवसांची मजुरी दिली, आईने चांदीचे पैंजण दिले, आम्ही पोरांनी शाळेत चार-चार आणे दिले. त्या दिवसांत ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, त्याच्याही तोंडी ‘डिफेन्स’ हा शब्द होता.

नेमक्या त्याच दिवसांत वडिलांच्या हाती एक छापील इंग्रजी कागद पडला. त्यांना मराठी आणि थोडे उर्दू वाचता येई, इंग्रजी येत नसे. शेजारचा आठवीतला मुलगा बोलावला. त्याने कागदावरून बोट फिरविले आणि ओळखीचा एक शब्द सापडताच खुशीने म्हणाला, “चाचा, डिफेन्सचा कागद आहे.” वडील म्हणाले, “आपण तर फंडाला पैसे दिले आहेत.” कुणालाच शंका आली नाही. कागद घडी घालून पेटीत ठेवला गेला.

तो कागद कोर्टाचे समन्स होते. घरमालकाने थकलेल्या भाड्यासाठी आणि खोलीच्या ताब्यासाठी दावा लावला होता. अमुक तारखेला हजर राहा, तुमच्या ‘डिफेन्स’साठी, म्हणजे बचावासाठी जी कागदपत्रे असतील ती आणा, न आल्यास तुमच्या गैरहजेरीत दावा चालेल, असे त्यात लिहिले होते. तारीख गेली आणि एकतर्फी निकाल झाला. ते आम्हांला कळले तेव्हा मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. एका भल्या वकिलांनी धावपळ करून अर्ज केला. कोर्टाने खर्च भरण्याच्या अटीवर निकाल रद्द केला आणि दावा पुन्हा चालला. भाड्याच्या सगळ्या पावत्या वडिलांनी जपून ठेवल्या होत्या, त्या दाखविल्या आणि खोली वाचली.

मित्रहो, त्या पावत्या कुठे होत्या ठाऊक आहे? ज्या पेटीत समन्स ठेवले होते, त्याच पेटीत! आमचा बचाव घरातच होता, पण बचाव मांडा असे सांगणारा शब्द आम्हांला कळला नाही.

खोली वाचली, पण किंमत पडली. कोर्टखर्च आणि वकिलांची फी यांसाठी कर्ज झाले. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, तेव्हा सातवीत होती आणि वर्गात पहिली येत असे. जूनमध्ये तिचे नाव शाळेतून काढले. माझे राहिले. आज मी तुमच्यासमोर इंग्रजीचा शिक्षक म्हणून उभा आहे. त्या शिक्षणाची फी कुणी भरली, हे मी कधी विसरलो नाही.

आता शब्दाकडे वळू. ‘डिफेन्स’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे त्या क्रियापदाचा अर्थ ‘वारणे, अंगावर येणारे दूर लोटणे’ असा होता. इंग्रजीत याच शब्दाचा पुढचा भाग झडून ‘फेन्स’ म्हणजे कुंपण हा शब्द तयार झाला. तलवारीच्या खेळाला ‘फेन्सिंग’ म्हणतात, तोही याच घरातला. अंगावर येणारे वारायचे, हा मूळ अर्थ. काय वारायचे आणि कशाने वारायचे, हे बदलले की अर्थ बदलतो.

शत्रूचे सैन्य वारायचे असेल, तर मराठीत आपण ‘संरक्षण’ म्हणतो. संरक्षण मंत्रालय, संरक्षण दल, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९६५ साली खेमकरणच्या आघाडीवर जीपवर बसविलेल्या तोफेने शत्रूचे रणगाडे अडविताना हवालदार अब्दुल हमीद धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तो या अर्थाचा डिफेन्स.

कोर्टातील आरोप वारायचा असेल, तर ‘बचाव’. दिवाणी दाव्यातला ‘डिफेन्डन्ट’ म्हणजे प्रतिवादी. ‘डिफेन्स विटनेस’ म्हणजे बचाव पक्षाचा साक्षीदार. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत त्याचे भाषांतर ‘लष्करी साक्षीदार’ असे केले होते. वर्ग हसला, मी हसलो नाही. मला पेटीतला कागद आठवला.

अंगावर हल्ला झाला, तर ‘सेल्फ-डिफेन्स’, म्हणजे स्वसंरक्षण. हा हक्क जुन्या भारतीय दंड संहितेने कलम ९६ ते १०६ मध्ये दिला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण तरुणांनो, त्याची मर्यादाही लक्षात ठेवा. बचावासाठी लागेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क कायदा देत नाही. सूड घेणे हे स्वसंरक्षण नव्हे.

पीएच.डी.चा विद्यार्थी परीक्षकांसमोर आपल्या प्रबंधातील मते सिद्ध करतो, तोही ‘डिफेन्स’. तिथे मराठीत ‘समर्थन’ शोभेल. शरीर रोगजंतूंना अडविते, तो शरीराचा ‘डिफेन्स’, म्हणजे रोगप्रतिकार.

खेळात तर मोठी गंमत आहे. बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि काळ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकून उत्तर दिले, की त्याला ‘सिसिलियन डिफेन्स’ म्हणतात. नाव डिफेन्स, पण डाव चढाईचा! क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू नुसता अडवितो, तो डिफेन्स. पण २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर आपल्या संघाने १८३ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले, तेव्हा इंग्रजीत म्हणतात की भारताने १८३ धावा ‘डिफेन्ड’ केल्या. म्हणजे तिथे डिफेन्स गोलंदाजांनी केला.

विद्यार्थी मित्रांनो, मग अर्थ ओळखायचा कसा? गाइडमध्ये एका शब्दासमोर एकच अर्थ असतो. तो पाठ करून भागत नाही. शब्दाचे शेजारी पाहा. जवळपास मिनिस्ट्री, आर्मी, बजेट दिसले तर संरक्षण. कोर्ट, विटनेस, लॉयर दिसले तर बचाव. ‘डिफेन्स ऑफ’ असेल तर बहुधा पुढे जपायची वस्तू येते. ‘डिफेन्स अगेन्स्ट’ असेल तर पुढे संकट येते. आणि अमेरिकन पुस्तकात याच शब्दाच्या शेवटी ‘सी’ऐवजी ‘एस’ दिसला, तर छपाईची चूक समजू नका. तिकडचे स्पेलिंग तसे आहे.

पालकहो, कधी कधी या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने १९१५ साली ‘डिफेन्स ऑफ इंडिया’ कायदा केला. त्याखाली खास न्यायमंडळे नेमली गेली आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हते. देशाच्या डिफेन्सच्या नावाखाली माणसाचा डिफेन्स काढून घेतला गेला. पुढे १९१९ साली रौलट कायदा आला, तेव्हा ‘ना वकील, ना अपील, ना दलील’ असे लोक म्हणू लागले ते याच अनुभवामुळे.

त्याआधीची एक हकीकत तर आपल्याच मुंबई हायकोर्टातली. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांना जामीन मिळत नव्हता. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर आणि जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. १९०८ साली पुन्हा खटला झाला, तेव्हा तेच दावर न्यायाधीशाच्या आसनावर होते. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि सर्व मिळून २१ तासांहून अधिक वेळ भाषण केले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण ज्या दालनात ती झाली, तिथे आज टिळकांचे शब्द कोरलेला फलक आहे. १९५६ साली त्याचे अनावरण केले ते त्या वेळचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी. बचाव म्हणजे लपणे नव्हे, गयावया करणेही नव्हे. आपली बाजू ताठ मानेने आणि पुराव्यानिशी मांडणे, हा त्याचा खरा अर्थ.

आपल्या राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्या प्रत्येक माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला आहे. गरिबाला वकील परवडत नाही म्हणून १९७६ साली कलम ३९-अ घालण्यात आले. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू आहे. त्याखाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीत असलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९६२ साली माझ्या वडिलांना ही सोय नव्हती. तुम्हांला आहे. पण समन्स कोणते आणि फंडाची पावती कोणती, हे घरात कुणाला तरी वाचता आले पाहिजे.

या शब्दाचा शेवटचा अर्थ मनाचा आहे. ॲना फ्रॉइड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३६ साली मनाच्या डिफेन्सवर ग्रंथ लिहिला. न सोसणारे सत्य मन निरनिराळ्या युक्त्यांनी वारते, हा त्याचा विषय. आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षे आंबट म्हणतात, ती त्यांतलीच एक युक्ती.

शाळेतून चिठ्ठी येते की मुलगा गैरहजर राहतो. आपण म्हणतो, मास्तरच नीट शिकवीत नाहीत. निकाल खाली येतो. आपण म्हणतो, शिकून तरी कुठे नोकरी मिळते? अन्याय होतच नाही, असे मी म्हणत नाही. जिथे होतो, तिथे अर्ज करा, कायद्याने भांडा, तो बचाव आपला हक्क आहे. पण मुलाचे संरक्षण वेगळे आणि मुलाच्या चुकीचे समर्थन वेगळे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. मराठीने आपल्याला दोन शब्द दिले आहेत, तेव्हा आपण तरी घोटाळा करू नये.

आणि मुलींविषयी. दहावी झाली की अनेक घरांतून ऐकू येते, “आता पुढे पाठवायचे नाही, तिच्या संरक्षणासाठी.” कुंपण हा शब्द डिफेन्समधूनच निघाला, हे मी मघाशी सांगितले. कुंपण पिकासाठी असते. पिकाला ऊन-पाणीच मिळू नये असे कुंपण कोणता शेतकरी घालतो? ज्या दिवशी तिच्या हातात कोर्टाचा, बँकेचा किंवा दवाखान्याचा कागद येईल, त्या दिवशी तुम्ही तिच्या शेजारी असालच असे नाही. तो कागद तिला स्वतःला वाचता आला पाहिजे. तिचे खरे संरक्षण ते आहे.

आपा आज हयात नाही. तिने शेवटपर्यंत शाळेविषयी तक्रार केली नाही. मी शिक्षक झालो, तेव्हा पहिल्या पगारातून तिच्यासाठी साडी घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, “साडी राहू दे. तो कागद आता मला वाचून दाखव.” समन्स आईने जपून ठेवले होते. मी ओळ न् ओळ वाचली आणि अर्थ सांगितला. तिने फक्त एवढेच विचारले, “यात कठीण असे काय होते रे?”

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. तो प्रश्न तुमच्या घरात कुणाला विचारावा लागू नये, एवढीच माझी इच्छा. घरात एक शब्दकोश ठेवा. न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. आणि मुलगा असो वा मुलगी, कुणाचेही नाव शाळेतून काढू नका.

जय हिंद, जय महाराष्ट्र!