फुकट शाळेचा खर्च



बाहेरच्या माणसाला घोडेगाव म्हणजे भीमाशंकरच्या रस्त्यावरचं एक गाव. पण आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांना घोडेगाव म्हणजे ‘प्रकल्प’. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं आहे. असाणे, गोहे, तेरुंगण, राजपूर इथल्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार इथूनच चालतो. राहणं, जेवण, शिकणं, सगळं सरकारी खर्चानं. पालकाला एक रुपया भरावा लागत नाही.

मग पोरं गळतात कशी?

फी माफ झाली की शिक्षण फुकट झालं, असा शहरातला हिशोब. डोंगरात फी ही खर्चातली सगळ्यात लहान बाब. उन्हाळ्याच्या तोंडाला, ऐन परीक्षांच्या दिवसांत बाळहिरडा तयार होतो. कित्येक घरांना रोख पैसा दिसतो तो त्यातूनच. तेव्हा वेचायला हाताशी असेल तो प्रत्येक जण लागतो. पावसाळ्यात भाताची आवणी. ती उरकली की आईबाप नारायणगावच्या मजूर बाजाराकडे निघतात, बागायतीच्या कामावर. धाकट्या भावाला सांभाळायला थोरली बहीण बरोबर, आणि तिचं नाव मात्र हजेरीपटावर. त्या घराला शाळेपायी सोडावी लागणारी मजुरी, हीच खरी फी.

आश्रमशाळेनं हा खर्च ओळखला, हे तिचं मोठेपण. आईबाप कामावर असले तरी मूल एका जागी राहतं, दोन वेळ जेवतं. पण पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोराला घरापासून तोडून वसतिगृहात ठेवणं मला पटत नाही. रात्री ते आजारी पडलं तर आई दोन डोंगर पलीकडे. शिवाय घरात बोलतो ती बोली आणि पुस्तकातली मराठी यांतलं अंतर त्या वयात एकट्यानं कसं कापायचं? चौथीपर्यंत वाडीतच शाळा आणि पुढं आश्रमशाळा, हा क्रम मला बरा वाटतो.

नेमक्या वाडीतल्या त्या शाळेवरच गदा येते आहे. 2023 साली सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं नाव होतं. एका मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, खेळाचं मैदान, विषयाला शिक्षक मिळतील, हे खरंच. पण जिथं पावसाळ्यात ओढा अडवतो, तिथं पोरांना त्या लांबच्या शाळेत नेणारी बस कुठून येणार? राज्याच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. डोंगरातला किलोमीटर नकाशावर मोजून भागत नाही.

उलटा विचारही आपल्याकडे झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरत, पोरं शिकत. दर्जा म्हणजे इमारत असं त्या बाईंनी मानलं असतं, तर ती मुलं कायमची गुरांमागेच राहिली असती.

जाता जाता, नारायणगाव, मंचरकडे कामाला आलेल्या पालकांसाठी चार शब्द. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, एवढ्यावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. वर्षाच्या मध्येच आलात तरी मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आहे. गाव सोडताना पुढच्या शाळेत दाखवायला गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. नसलं तरी मुलाला घेऊन जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. कोणी परत पाठवलं, तर ‘नाही’ म्हणतात ते लेखी मागा आणि तो कागद घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.